दहा महिने प्रीमियम पेट्रोल, आणि दोष निघाला प्लगचा

मार्चच्या शेवटच्या रविवारी खंबाटकी घाट चढताना इंजिनातला तो खडखडीचा आवाज, म्हणजे नॉकिंग, परत आला आणि माझं डोकंच फिरलं. दहा महिने लिटरमागे सात रुपये जास्त मोजून मी ९५ ऑक्टेनचं प्रीमियम भरत होतो, ते केवळ त्या आवाजापायी.

आवाज कसा ते नीट सांगतो, कारण बरेच जण टॅपेटच्या (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागाच्या) आवाजाशी त्याची गल्लत करतात. टॅपेट गाडी उभी असतानाही टिकटिकतं. नॉकिंगचं तसं नाही. तिसरा गियर, एसी चालू, गाडीत चौघं, चढावर अॅक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवावेत तशी बारीक खडखड. पाय उचलला की बंद. एकदा कानात बसला की तो आवाज विसरता येत नाही. गाणी बंद करून, काच खाली करून मी तेच ऐकत बसायचो. घरचे वैतागले होते.

गाडी २०१३ची, १.२ लिटर, टर्बो नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर आहे: ऑक्टेन ९१ किंवा जास्त. गेल्या मे महिन्यात कराडला जाताना पहिल्यांदा खडखड ऐकली. सर्व्हिसिंग होऊन तीनच आठवडे झाले होते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "साहेब, साधं पेट्रोल हलकं येतं, ९५वालं भरा." भरलं. गणपतीला गावी गेलो तेव्हा घाटात आवाज नाही, दिवाळीतही नाही. सोसायटीत चार जणांना मीच सांगितलं की पैसे वसूल आहेत. ते आता मागे घेतो.

अॅव्हरेज टाकी फुल करून वहीत लिहितो. साध्यावर १५.१, प्रीमियमवर १५.३. एवढा फरक तर सिग्नल किती लागले त्यानेही पडतो. पिकअपमध्ये काहीच जाणवलं नाही.

पहिली शंका आली ती न्यू जर्सीतल्या चुलतभावामुळे. तो म्हणाला, आम्ही सर्रास ८७ भरतो. मला वाटलं, म्हणजे तिकडचं पेट्रोल आपल्याहून हलकं! तसं नाही. ऑक्टेन दोन चाचण्यांनी मोजतात: सौम्य चाचणीचा आकडा आरओएन, कडक चाचणीचा एमओएन. आपल्याकडे आरओएन हा एकच आकडा सांगतात, तिकडे दोन्हींची सरासरी पंपावर लावतात. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. तिथून मी वाचायला लागलो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हेच. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीची ज्वाळा पोचेपर्यंत पेट्रोल किती दम धरतं, त्याचं ते माप. दम सुटला, उरलेलं मिश्रण आपोआप पेटलं, की खडखड. इंजिनाला जेवढा दम लागतो त्याहून जास्त ऑक्टेन घालून हाती काही लागत नाही.

त्याहून चीड आली ती पुढचं वाचून. बीएस-६ हे गाड्यांच्या प्रदूषणाचे नियम आले तेव्हा, २०२० साली, साधं पेट्रोल ९१चं होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं येतं आणि त्याच्या मानकात किमान ऑक्टेन ९५च आहे, कारण इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच १०० च्या वर. म्हणजे माझ्या गाडीपुरतं साध्या नोझलमधूनही पुरून उरेल एवढं येत होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं पडतं, ही तक्रार खरी आहे. पण तो ऑक्टेनचा प्रश्न नाही.

मग पावसाळा-हिवाळ्यात आवाज का गेला? हवा थंड होती म्हणून. इंजिनात थंड हवा गेली की नॉकिंग कमी होतं. श्रेय पेट्रोलला मिळालं. मार्चचं ऊन लागलं आणि आवाज हजर.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पेट्रोलचं नावही काढलं नाही, आधी सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढला. टोकाची चिनीमाती पांढरीफटक, तिच्यावर बारीक फोड. निरोगी प्लग फिकट तपकिरी दिसतो. त्यावरचा नंबर गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळेना. कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त गरम राहणारा प्लग होता तो, आणि चारही तसलेच. गेल्या मे महिन्यातल्या त्याच सर्व्हिसिंगमध्ये बदललेले! योग्य नंबरचे चार प्लग आणि मजुरी मिळून १,४५० रुपये झाले. प्रीमियमपायी दहा महिन्यांत ६०० लिटरवर ४,२०० गेले होते.

एप्रिलच्या भर दुपारी, साधं पेट्रोल, तेच चौघं, एसी चालू, खंबाटकी तिसऱ्या गियरमध्ये चढलो. आवाज नाही. वळणावर मुद्दाम अॅक्सिलरेटर दाबून पाहिला, तरी नाही.

माझ्या मेहुण्याची गाडी टर्बो आहे, तिच्या झाकणावर ९५ लिहिलंय. त्याने त्याखाली उतरू नये, आणि झाकणावर ९७ असेल तर ९७च भरावं. तिथे पैसे वाचवणं महागात पडतं. पण झाकणावर ९१ असताना गाडी खडखडत असेल तर आधी प्लगचा नंबर पाहा, मग सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, मग इंजिन थंड ठेवणारं कूलंट.

जुने चार प्लग कागदात गुंडाळून मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत. सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरांनी बिल पाहिलं, नंबर पाहिला आणि "बघतो" म्हणाले. ४,२०० परत येणार नाहीत हे मला ठाऊक आहे. प्लगचे आणि लेबरचे पैसे मात्र मी सोडणार नाही, शनिवारी पुन्हा जातोय.