छतावर लिंक्रस्टा: चौदा महिने त्याच्याखाली राहिल्यावर

आमचं घर दादरचं, जुन्या इमारतीतलं. दिवाणखाना 14 बाय 18 फूट, छताची उंची 12 फूट 8 इंच. अशा उंच छताला पांढरा रंग मारून सोडून दिलं की खोली गोदामासारखी दिसते, आणि पीओपीचं खोटं छत करायचं म्हणजे ज्या उंचीसाठी हे घर जपलं तीच गमवायची. म्हणून मागच्या वर्षी फेब्रुवारीत छताला लिंक्रस्टा लावलं. "एवढे पैसे घालून मान मोडून वर बघायचं काय?" असं सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. उत्तर द्यायला चौदा महिने लागले, आणि उत्तर सरळ नाही.

नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. घट्ट केलेलं जवसाचं तेल आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा कागदावर पसरून त्यात रुळाने नक्षी उठवतात. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने 1877 मध्ये हे बाजारात आणलं. जमिनीवरचं लिनोलियम त्याचंच, आणि हे त्याचंच भिंतीवर चढलेलं भावंड. दिसतं कोरीव लाकडासारखं किंवा चुन्याच्या नक्षीकामासारखं, आणि येतं मळकट पांढऱ्या रंगात. वरून रंग आपण द्यायचा. वजनाचं म्हणाल तर नेहमीच्या वॉलपेपरचा रोल काखेत मारून जिना चढता येतो. याचा एक रोल मी उचलला आणि पहिल्याच मजल्यावर टेकवला.

आम्ही 6 रोल आणि त्याचा खास गोंद इंग्लंडहून मागवला. भाडं आणि कस्टम धरून सव्वादोन लाखांच्या आसपास गेले. छताची तयारी आणि लावण्याची मजुरी वेगळी, तीही लाखाच्या वर.

पैशांत पहिली चूक तिथेच झाली, आणि ती रोज दिसते म्हणून आधी सांगते. रोल 10 मीटर लांब आणि साधारण 53 सेंटिमीटर रुंद असतो. पट्ट्या खोलीच्या 14 फुटी बाजूने लावल्या तर एका रोलमध्ये दोन निघतात, 11 पट्ट्यांत छत भरतं आणि 6 रोल पुरतात. 18 फुटी बाजूने लावल्या तर रोलमधून एकच पट्टी निघते, उरलेला साडेचार मीटरचा तुकडा वाया जातो आणि 9 रोल लागतात. तीन रोल म्हणजे लाखभर रुपये. आम्ही अर्थातच 6 घेतले. आमची गॅलरी पश्चिमेला, 14 फुटी भिंतीत. उजेड तिथून आत शिरतो आणि छतावरून 18 फूट सरपटत जातो. सांधे त्या उजेडाच्या दिशेने धावले असते तर नाहीसे झाले असते. आमचे सांधे त्याला आडवे आहेत. सकाळी काही दिसत नाही. दुपारी चारनंतर दहाच्या दहा सांधे मोजून घ्या. मेस्त्रींनी आधीच सांगितलं होतं, "ताई, सांधा उजेडाच्या वाटेत आडवा घालू नये." मी म्हटलं, एवढ्या वर कोण बघतंय?

आता तयारी. आमच्या छतावर सत्तर-ऐंशी वर्षांचे थर होते: चुना, त्यावर डिस्टेंपर, त्यावर कुणीतरी कधीतरी मारलेला ऑइल पेंट. पहिल्या कंत्राटदाराने हे सगळं तसंच ठेवून वरून पुट्टी ओढली आणि "आरशासारखं छत" असं म्हणून पैसे मागितले. माझ्या सुदैवाने आम्ही कोपऱ्यात हातभर तुकडा चिकटवून पाहायचा हट्ट धरला. तिसऱ्या दिवशी तो तुकडा खाली आला. गोंद सुटला नव्हता; गोंदाने पुट्टी धरली होती, पुट्टीने डिस्टेंपर, आणि डिस्टेंपरने चुना सोडला होता. पापुद्र्यासकट सगळा संसार जमिनीवर. त्या गृहस्थांना तिथेच नमस्कार केला.

दुसरे मेस्त्री वयस्क, जन्मभर वॉलपेपरच लावलेले. त्यांनी पहिले दोन दिवस कशालाही हात लावला नाही, फक्त लाकडी मुठीने छत ठोकून पाहिलं. जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने गोल केले. सगळे थर गिलाव्यापर्यंत खरवडले, पोकळ जागा फोडून नव्याने भरल्या, जुन्या पट्टीवरच्या वायरी गिलाव्यात घेतल्या, आणि मग महिनाभर नुसतं वाळू दिलं. त्यानंतर तेलाचा प्रायमर आणि त्यावर साधा कोरा कागद, लिंक्रस्टाच्या पट्ट्यांना काटकोनात. हा अस्तराचा कागद कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "भिंतीवरचा कागद स्वतःच्या वजनाने सरळ लटकतो. छतावरचा स्वतःच्या वजनाने सुटायला बघतो. त्याला धरायला काहीतरी खरबरीत पाहिजे."

लावण्याचे दिवस सहा. खोलीभर परांची बांधली, फळ्या अशा उंचीवर की माणसाचं डोकं छतापासून चार बोटं खाली राहावं; शिडी सरकवत हे काम होत नाही. पट्टी कापायची, पाठीवर कोमट पाणी फिरवायचं आणि दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून अर्धा तास ठेवून द्यायच्या. कागद पाणी पिऊन फुगतो, रुंदीत थोडा वाढतो. ती वाढ खाली टेबलावरच व्हायला हवी. मग पाणी टिपायचं, पोलादी पट्टीवर कडा कापायच्या (प्रत्येक कापाला नवं ब्लेड), गोंद लावायचा. साधा कागद गोंद लावून घडी घालून वर नेता येतो. याची घडी घातली तर नक्षीला चीर जाते, त्यामुळे 14 फुटांची ओली, जड पट्टी तिघांनी वरातीसारखी उचलून परांचीवर चढवायची. दोघे चिकटवत पुढे सरकायचे, तिसरा मागे टेकू घेऊन उभा. टेकू म्हणजे बांबूला आडवी फळी ठोकलेली, फळीला जुनं ब्लँकेट गुंडाळलेलं. पंखे बंद, कारण वाऱ्याने गोंदावर साय धरते. फेब्रुवारीतही सगळे घामाने निथळत होते.

पहिली पट्टी घाईत पंधरा मिनिटांतच वर गेली. तिची उरलेली वाढ छतावर जाऊन झाली आणि गॅलरीजवळ तीन फुगे आले. ते अजून आहेत. पाहुण्यांना दिसत नाहीत, मला दिसतात.

रंगाबद्दल एकच सूचना. आधी टर्पेंटाइनने पुसून घ्या, नाहीतर पृष्ठभागावरचा तेलकटपणा रंग धरू देत नाही. आणि रंग पातळ ठेवा. आम्ही हस्तिदंती सॅटिनचे दोन हात दिले. तिसरा दिला असता तर नक्षीतल्या पानांच्या शिरा बुजल्या असत्या.

जवसाचा वास तीन आठवडे राहिला. वाईट नाही, पण जेवायला बसलं की ताटात चटणी वाढलीय असं वाटायचं.

मे महिना सुखाने गेला. फार्स सुरू झाला जुलैत. आमच्या दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यावर वरच्या घराचं न्हाणीघर येतं. ओल आली की रंगाच्या छतावर लगेच पिवळा डाग उमटतो, आणि आपण लगेच भांडायला जातो. लिंक्रस्टा पाणी आरपार जाऊ देत नाही. त्यामुळे वरून झिरपलेलं पाणी कागदामागे गुपचूप साठत राहिलं आणि गळतीपासून तीन फूट लांब, एका सांध्यातून थेंब पडला. तोवर कोपऱ्याला चक्क पोट सुटलं होतं. मेस्त्रींनी येऊन सांध्याला बारीक चीर दिली, खाली बादली धरली. पाऊण बादली निघाली. सोसायटी, पत्रं, वरच्यांचा प्लंबर, आमचा प्लंबर, "आमच्याकडून गळत नाही" हा अध्याय. दुरुस्ती गणपतीनंतर झाली. छत वाळायला दिवाळी उजाडली. दोन पट्ट्यांची चार-चार फूट टोकं कापून काढली आणि बाराव्या, जास्तीच्या पट्टीतून नवी बसवली. ती पट्टी नसती तर दोन हातांच्या तुकड्यासाठी पुन्हा इंग्लंड गाठावं लागलं असतं. एक मात्र कबूल करायला हवं: बाकीचा कागद तसूभर हलला नाही. ज्या कोपऱ्यात अस्तराचा कागद भिजून लगदा झाला तेवढाच सुटला.

रोजच्या वापरात काय? जळमटं नक्षीत अडकतात आणि साध्या केरसुणीने निघत नाहीत. बांबूला मऊ ब्रश बांधून वर्षातून दोनदा. पालीला उंचवट्यांचं छत फार आवडतं, आणि तिचे पुरावे पुसायला शिडी लागते. देवघराच्या वरचा भाग उदबत्तीने किंचित करडा झाला आहे, पण नक्षीच्या खोबणीत बसलेली ती काजळी इतकी शोभते की आम्ही पुसायचं सोडलं. पंख्यांना चार फुटी रॉड लावले. त्यांच्या वाट्या कापाच्या कडा झाकतात. गणपतीत भाच्याने झुरमुळ्या लावायला सेलोटेप घेतली, तेव्हा मी ज्या आवाजात ओरडले तो घरात अजून नक्कल करून दाखवतात.

संध्याकाळी दिवे लागले की मात्र गंमत वेगळी. आडवा उजेड गेलेला असतो, सांधे मिटतात, आणि पिवळ्या दिव्यात ते छत असं दिसतं की गप्पा मारता मारता माणसं आपोआप मागे रेलतात. सासूबाईसुद्धा आरामखुर्ची थोडी कलती करून बसतात. विचारलं की म्हणतात, पाठ दुखते.

पुन्हा करेन का? भिंतीच्या खालच्या तीन फुटांवर लिंक्रस्टा, आनंदाने. लहान मुलं, खुर्च्यांच्या पाठी, सगळं झेलेल. छतावर नाही. छतासाठी ॲनाग्लिप्टाच्या जातीचा, कागदाच्या लगद्याचा हलका उठावदार कागद घेईन, आणि या वेळी सांधे उजेडाच्या दिशेने. हे ज्ञान नंतर वाचताना झालं. वॉल्टनच्या लंडनच्या शोरूमचा व्यवस्थापक थॉमस पामर याने दहाएक वर्षांतच तो हलका प्रकार काढला. जो माणूस रोज जड माल विकत होता त्यालाच हलक्याची गरज कळली, यात मला तरी सगळा रिव्ह्यू आला असं वाटतं. पण मी तो सव्वादोन लाख मोजल्यावर वाचला.

वरच्यांनी पुढच्या महिन्यात न्हाणीघर नव्याने करायला काढलंय. उरलेला सहा फुटांचा तुकडा माळ्यावर आहे. गुंडाळून ठेवला तर कडक होऊन तडकेल, म्हणून प्लायवूडवर सपाट पसरलाय, आणि त्यावर दिवाळीच्या कंदिलांचं खोकं ठेवू नये असं घरात सगळ्यांना बजावलंय.