जागा मोकळी करताना गमावलेले ८४ जीबी

घरच्या संगणकात जागा मोकळी करण्याच्या खटाटोपात माझी फसवणूक झाली, तीत पैसे गेले अवघे १,७९९ रुपये, आणि तेही पुढे खटपट करून परत मिळवले. जे परत मिळाले नाही, म्हणजे घरचे फोटो आणि व्हिडिओ, ते संगणकाला बाहेरून जोडायच्या एका बनावट ड्राइव्हच्या डबीने गिळले, आणि ते गिळण्याआधी मूळ प्रती मी माझ्याच हाताने पुसून टाकल्या होत्या. एखादी वस्तू निकृष्ट निघणे वेगळे आणि वस्तूने ‘तुमचे सामान नीट ठेवले आहे’ असे खोटे सांगणे वेगळे, हा फरक माझ्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. इतरांना तो आधी कळावा म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

आमच्या घरातील संगणकात ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह, आहे. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते आणि त्यात काहीही लबाडी नाही. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढेच. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्ययावते १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद होणार असल्याने मी २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सुट्टीत, विंडोज ११ घेतले. दोन दिवसांनी ‘धिस पीसी’ उघडले तर सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली आणि शिल्लक जागा १९ जीबी. ही जागा कशाने खाल्ली हे पाहण्याची पायरी मी गाळली, आणि सगळ्या प्रकरणाचे मूळ तेथे आहे. बारा वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ मिळून १४२ जीबी होते. ते बाहेरच्या ड्राइव्हवर हलवले की प्रश्न सुटला, असे मी परस्पर ठरवून टाकले.

सणाच्या सवलती सुरू होत्या. एका मोठ्या खरेदी-संकेतस्थळावर २ टीबीची ‘पोर्टेबल एसएसडी’ १,७९९ रुपयांना दिसली. नामांकित कंपनीची १ टीबीची पोर्टेबल एसएसडी तेव्हा सात-आठ हजारांच्या घरात जात होती हे मला माहीत नव्हते असे नाही. पण ‘सेल आहे, विक्रेता नवा असेल, नाव कमावण्यासाठी स्वस्त देत असेल’ अशी समजूत मीच माझी घातली. त्या वस्तूला चार तारे होते. ग्राहकांचे अभिप्राय मात्र मी वाचले नाहीत. नंतर वाचले तेव्हा त्यांतले निम्मे मोबाइलच्या कव्हराबद्दल होते, कारण विक्रेत्याने जुन्या वस्तूच्या पानावरच नवी वस्तू चढवली होती.

पार्सल ९ ऑक्टोबरला आले. काळी, धातूची वाटणारी, तळहातात मावणारी डबी. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत नव्हती आणि आयातदाराचे नाव-पत्ताही नव्हता. वेष्टित मालावर या गोष्टी छापणे कायद्याने बंधनकारक आहे, हे मला एरवी ठाऊक असते, पण त्या वेळी सुचले नाही. डबी जोडली. विंडोजने १.८१ टीबी दाखवले. खऱ्या २ टीबीच्या ड्राइव्हलाही विंडोज नेमका हाच आकडा दाखवते, त्यामुळे मला उलट अधिकच विश्वास वाटला. वरचा हिशेब येत असल्याचा थोडा अभिमानही त्यात होता, हे कबूल केले पाहिजे.

नक्कल सुरू केली तेव्हा पहिले काही क्षण वेग भरपूर दिसला आणि मग तो सेकंदाला १२ एमबीवर येऊन जो बसला तो हललाच नाही. खोक्यावर १,००० एमबी लिहिलेले होते. तेथेच थांबायला हवे होते; मी मात्र केबल जुनी असेल असे मानून जेवायला गेलो. साडेतीन तासांनी काम पूर्ण झाले, एकही चूक दाखवली गेली नाही. मी दोन्हीकडच्या फोल्डरांचा आकार ताडून पाहिला, तो शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. पाच-सहा फोटो उघडून पाहिले, तेही व्यवस्थित उघडले. ते सगळे २०१४ च्या, म्हणजे यादीतल्या पहिल्याच फोल्डरमधले होते. नंतर मूळ फोल्डर निवडले आणि शिफ्ट दाबून डिलीट केले, म्हणजे रिसायकल बिनमध्येही काही उरले नाही. सी ड्राइव्हची पट्टी निळी झाली. त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

२३ ऑक्टोबरला भाऊबीजेसाठी इचलकरंजीहून ताई आली. अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ तिने पुरता पाहिलेला नव्हता, म्हणून जेवणानंतर डबी टीव्हीला जोडली. फाइलचे नाव दिसले, आकार दिसला, तारीख दिसली. चित्र काही दिसेना. टीव्हीचा दोष समजून संगणकावर लावून पाहिले, तेथेही तेच. मग एकेक वर्ष उघडत गेलो. २०१८ च्या मध्यापर्यंतचे फोटो ठणठणीत होते. त्यानंतर काही फोटोंचा वरचा पट्टा दिसे आणि खाली करडा रंग, आणि त्याही पुढे तर फाइल उघडतच नव्हती. वर्षांच्या फोल्डरांना मी आकडे दिले होते आणि अण्णांच्या समारंभाला तेवढे देवनागरीत नाव दिले होते, त्यामुळे ते यादीत सर्वांत शेवटी होते आणि नक्कलही सर्वांत शेवटी झाले होते. अण्णा खुर्चीत बसून वाट पाहत होते. ताईने ‘राहू दे रे, नंतर बघू’ म्हणून विषय बदलला.

भाच्याने ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम सुचवला. जर्मनीतील संगणकविषयक मासिक ‘सी’टी’ साठी तो लिहिला गेला होता. ड्राइव्हच्या रिकाम्या जागेत तो १ जीबीच्या फाइली भरतो आणि मग त्या परत वाचून जे लिहिले तेच वाचता येते का ते तपासतो. जे फोटो शाबूत होते ते आधी परत संगणकात घेतले, डबी फॉरमॅट केली आणि पूर्ण २ टीबी तपासायला या गतीने दोन दिवस लागले असते म्हणून फक्त १०० जीबीची चाचणी रात्रभर लावली. सकाळी निकाल होता: ५८ जीबी ठीक, ४२ जीबी गहाळ. म्हणजे २ टीबी म्हणून विकलेल्या वस्तूत खरी साठवण ६४ जीबीच्या मेमरी कार्डाएवढी होती (विंडोजच्या मोजणीत ते थोडे कमीच भरते). माझ्या १४२ जीबींपैकी ८४ जीबी गेले ते यामुळेच.

हे कसे जमवतात ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण वरवरच्या कोणत्याही तपासणीत ही लबाडी सापडत नाही. ड्राइव्हमध्ये साठवणीची चिप असते आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. आपली क्षमता किती हे संगणकाला कंट्रोलर सांगतो आणि संगणक ते मुकाट्याने खरे मानतो. भामटे कंट्रोलरमधला हा आकडा बदलतात. खरी जागा संपल्यावरही कंट्रोलर ‘मिळाले, लिहिले’ असे उत्तर देत राहतो. प्रत्यक्षात पुढचा डेटा कोठेच जात नाही, किंवा काही डब्यांत जुन्यावरच नवा लिहिला जातो. फाइलींची नावे, आकार, तारखा यांची नोंदवही मात्र ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या, भागात असते. म्हणून यादी शेवटपर्यंत बिनचूक दिसते. गोदामाचा रखवालदार प्रत्येक पोत्याची पावती फाडत राहतो आणि पोती मागच्या दाराने नदीत टाकतो, तसा हा प्रकार.

सांगलीतल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे संगणक नेला. त्याने पैसे घेतले नाहीत आणि आशाही लावली नाही. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये पुसलेली फाइल तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बऱ्याचदा सापडते. एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ नावाची सोय असते, ती पुसलेली जागा ड्राइव्हला लगेच कळवते आणि ड्राइव्ह ती सावकाश स्वतःहून साफ करून टाकतो. मूळ प्रती पुसून दोन आठवडे झाले होते. त्याच्यापुढेच मी रागाने डबी उघडली. आत एक लहानशी पट्टी, तिच्यावर डिंकाने चिकटवलेले मेमरी कार्ड आणि वजनासाठी लोखंडाचा तुकडा होता.

डबी उघडणे ही माझी आणखी एक चूक ठरली. वस्तू परत करण्याची सात दिवसांची मुदत संपलीच होती. त्यात विक्रेत्याने ‘ग्राहकाने वस्तूत छेडछाड केली’ असे कळवून हात वर केले. त्याचा पहिला सल्ला तर ‘ड्राइव्ह फॉरमॅट करा, तुमचा संगणक सपोर्ट करत नाही’ असा होता, जो ऐकून एखाद्याने उरलेलेही घालवले असते. मग मी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला चाचणीच्या निकालाचे चित्र, खोक्याचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो आणि बिल जोडून लेखी तक्रार केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. पोच आली, पुढे काही हालेना. तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर १९ दिवसांनी पैसे खात्यात जमा झाले.

शेवटी राग शांत झाल्यावर, जे मी पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्याखाली स्टोरेज उघडले. कोणत्या प्रकारच्या फाइलींनी किती जागा व्यापली आहे हे तेथे एका पानावर दिसते. डाउनलोड्समध्ये ३१ जीबी होते, त्यांत तीच पीडीएफ चार-चार वेळा उतरवलेली. मोबाइलमधून संगणकात घेतलेल्या फोटोंच्या दुबार प्रती ४४ जीबी. आणि जागा एकाएकी कमी झाली ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमुळे: नवे विंडोज घेतले की जुन्याकडे परतता यावे म्हणून जुने तेथे जपून ठेवले जाते. टेम्पररी फाइल्सच्या यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करून ते काढता येते, आणि न काढल्यास विंडोज ते साधारण दहा दिवसांनी स्वतःच काढून टाकते. मी शोधले तेव्हा ते नव्हतेच. २ ऑक्टोबरपासून दहा दिवस मोजले तर १२ तारीख येते. मी फोटो पुसले ९ तारखेच्या रात्री. तीन दिवस थांबलो असतो तर पट्टीचा लाल रंग बहुधा आपोआप गेला असता. (याच यादीत डाउनलोड्सचेही नाव असते, तेथे खूण करण्याआधी आत काय आहे ते पाहावे.)

आता मी बाहेरचा ड्राइव्ह दुकानातून, पक्क्या बिलावर घेतो, रिकामा असतानाच त्याची पूर्ण चाचणी करतो, आणि शेवटच्या फोल्डरमधील शेवटची फाइल उघडल्याखेरीज मूळ प्रत पुसत नाही. घाई असेल तर गिब्सन रिसर्चचा ‘व्हॅलिड्राइव्ह’ हा प्रोग्रॅम ड्राइव्हवरची ५७६ ठिकाणे काही मिनिटांत तपासून देतो.

सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रीकरण करणाऱ्याने त्याच्याकडील प्रत वर्षभरानंतर पुसून टाकली होती. चुलतभावाच्या मोबाइलमध्ये व्हॉट्सअॅपवरून आलेली पावणेचार मिनिटांची फीत सापडली; सुनांनी अण्णांना ओवाळल्याचा प्रसंग तीत आहे, चेहरे थोडे पुसट आहेत. विक्रेत्याचे नाव त्या संकेतस्थळावर आता दिसत नाही. डबीचा तोच फोटो मात्र मागच्या आठवड्यात दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाखाली दिसला. आता ती १६ टीबीची आहे आणि किंमत २,२९९ रुपये आहे.