सोलमधलं स्वस्त कोरियन बार्बेक्यू: काही महिने खाल्ल्यानंतरचं मत

निकाल आधीच सांगतो. सोलमध्ये कमी पैशांत मांस भाजून खायचं तर विद्यापीठांच्या आसपासची, गॅसच्या तव्यावर गोठवलेलं डुकराचं मांस देणारी साधी दुकानं सगळ्यात परवडतात. ‘मुहान रिपिल’, म्हणजे हवं तितकं खा पद्धतीची दुकानं त्यांच्या खालोखाल, आणि तीही पोटात खरोखर जागा असेल तरच. सिंचोन, होंगदे, गोनदे या भागांत दोन्ही प्रकार गल्लोगल्ली आहेत. गोमांसाच्या दुकानांचा, त्यातही देशी हानूचा, हिशेब वेगळा. तो इथे धरलेला नाही.

भावाचा अंदाज असा: 2024 मध्ये सोलमधल्या हॉटेलांत 200 ग्रॅम साम्ग्योप्सालचा (डुकराच्या पोटाकडचं थरांचं मांस) सरासरी दर 20,000 वॉनच्या वर गेला. हजार वॉनचे साधारण 60 रुपये धरले तर एकट्या मांसाचेच 1,200 रुपये झाले. गोठवलेलं, आयात केलेलं मांस देणारी दुकानं याच्या बरीच खाली असतात. मेनूवरच्या दराला मात्र फसू नका. एका ‘इन्बुन’चं, म्हणजे एका माणसाच्या वाढणीचं वजन कुठे 150 ग्रॅम असतं, कुठे 180, कुठे 200. 150 ग्रॅमला 15,000 आणि 200 ग्रॅमला 18,000 यांत दुसरं स्वस्त आहे, पण पाटीवर पहिलं स्वस्त दिसतं. 2013 पासून मेनूवर 100 ग्रॅमचा भाव देणं बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरात, कंसात असतो; तोच वाचायचा. मांस कोणत्या देशातलं, हेही भिंतीवर लावावंच लागतं. ‘कुक्नेसान’ म्हणजे कोरियातलं. स्वस्त जागी स्पेन, मेक्सिको, चिली ही नावं दिसतात. त्यात वाईट काही नाही. जाड तुकडा मागवायचा असेल तर मात्र ते गोठवलेलं आहे की ताजं, हे बघूनच मागवा. दर अंतिम असतो, कर त्यातच आणि टिप नाही.

पहिली ऑर्डर बहुतेक ठिकाणी किमान दोन इन्बुनची, काही ठिकाणी तीनची. नंतर एकेक वाढवता येतं. म्हणून दोघांनी आधी दोनच मागवावेत आणि तवा कसा चालतोय ते बघून पुढचं ठरवावं.

आता तव्याकडे येऊ, कारण अशा दुकानात स्वयंपाकी तुम्हीच असता. महागड्या ठिकाणी मुलगा येऊन भाजून, कापून देतो. स्वस्त ठिकाणी चिमटा आणि कात्री टेबलावर ठेवून निघून जातो. तवा (बुल्पान) एका बाजूला उतरता असतो. खालच्या टोकाला भोक आणि त्याखाली चरबी गोळा करायला कागदी पेला किंवा वाटी. बसताक्षणी हा पेला जागेवर आहे ना ते बघा. सरकलेला असला तर वितळलेली चरबी थेट टेबलावर येते. तवा पूर्ण तापेपर्यंत मांस टाकू नका. टाकलेला तुकडा लगेच चुरचुरला नाही तर तो चिकटणार आणि सुटताना खालचा थर तव्यालाच ठेवून येणार. चरबीचा एक तुकडा चिमट्यात धरून तवाभर फिरवला की हा प्रश्न मिटतो.

सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीचा साम्ग्योप्साल अख्खा टाकायचा आणि हात आवरायचा. वरच्या बाजूवर ओलावा दिसू लागला आणि कडा पांढरट झाल्या की उलटायचा. दोन्ही बाजू सोनेरी झाल्यावरच कात्रीने बोटभर रुंदीचे तुकडे करायचे आणि कापलेली बाजू तव्याला टेकवून उरलेलं शिजवायचं. कच्चं असतानाच कापलं की सगळा रस तव्यावर जातो आणि मांस सुकं, चिवट होतं. नवखे लोक हमखास हेच करतात. कच्चं उचललेल्या चिमट्याने शिजलेलं उचलू नका. दुसरा चिमटा मागितला की लगेच मिळतो.

डेपे साम्ग्योप्सालची तऱ्हा उलटी. हे गोठवून कागदासारखं पातळ कापलेलं मांस, गुंडाळ्या होऊन येतं. ताटभर एकदम ओतायचा मोह होतो. तसं केलं की तवा गार पडतो, बर्फाचं पाणी सुटतं, मांस भाजायच्या ऐवजी उकडतं आणि राखाडी पडतं. मूठभर टाका, पसरवा, रंग पालटला की उचला. पोट भरण्याच्या हिशेबाने सगळ्यात स्वस्त हेच, पण आटतंही सगळ्यात जास्त. भूक मोठी असेल तर ते गृहीत धरा.

कोळशावरच्या जाळीवर चव चांगली येते, पण थरांच्या चरबीमुळे निखाऱ्यांवर थेंब पडतात आणि जाळ उठतो. तुकडे कडेला सरकवा, पाणी टाकू नका. राख उडून मांसावरच बसते. जाळी असेल तर मोक्साल, म्हणजे मानेचं मांस, जास्त सोयीचं. चरबी कमी आणि भावही साधारण तोच. द्वेजी गाल्बी, म्हणजे डुकराच्या बरगडीचं मांस, सोया सॉस, साखर, लसूण आणि बहुतेकदा नाशपातीच्या रसात मुरवलेलं असतं. त्यातली साखर करपते, म्हणून आच कमी ठेवायची आणि सारखं उलटायचं. मुरवलेलं आणि साधं असं दोन्ही मागवणार असाल तर साधं आधी. क्रम उलटा केला की जळक्या साखरेचा कडूपणा पुढच्या प्रत्येक तुकड्याला लागतो. तवा काळा पडला की ‘बुल्पान गाराजुसेयो’ (तवा बदलून द्या) म्हणायचं. बदलून देतात, पैसे घेत नाहीत. संकोचापोटी काळ्या तव्यावर भाजत बसण्यात काही अर्थ नाही.

किमची (आंबवलेली तिखट कोबी) आणि मोड आलेलं सोयाबीन तव्याच्या उतरत्या टोकाला ठेवा. वाहून आलेल्या चरबीत ते परततं आणि कित्येकदा मांसापेक्षा चविष्ट लागतं. पण पहिल्याच फेरीला नको, तिखट करपतं. लेट्यूस, क्केन्निपची पानं (बडीशेप आणि पुदिना एकत्र चावल्यासारखी), कांद्याच्या पातीची पाजोरी (कोशिंबीर), लसणाच्या चकत्या आणि साम्जांग (सोयाबीनची तिखट चटणी) हे सगळं फुकट आणि पुन्हा मिळतं. ‘सेल्फ’ लिहिलेल्या कोपऱ्यातून स्वतः आणायचं. पानात एक तुकडा, लसूण, चिमूटभर साम्जांग, आणि अख्खी पुडी एका घासात. भाज्या महागल्या की पहिलं गंडांतर लेट्यूसवर येतं. पानं मोजकी आणि कोमेजलेली दिसायला लागतात.

आता ‘हवं तितकं’वाल्या जागा. माणशी 20,000 वॉनच्या आसपास, वेळेची मर्यादा बहुधा दीड ते दोन तास, आणि उरवलं तर दंड, साधारण 3,000 ते 5,000 वॉन. टेबलावरच्या सगळ्यांनी तोच पर्याय घ्यावा लागतो. माझं गणित साधं आहे: माणशी 400 ग्रॅमच्या खाली खाणार असाल तर शेजारचं वजनावरचं स्वस्त दुकान बरं. इथे अधाशासारखं पहिल्याच फेरीला ताट भरून आणणारे हमखास दंड भरतात. पहिल्या ताटात प्रत्येक प्रकाराचे दोन-दोन तुकडे आणून बघा. मुरवलेल्या मांसात दर्जा लपतो, म्हणून साध्या साम्ग्योप्सालवरूनच दुकान पारखा. भात, थंड शेवया आणि पेयं या दरात आहेत की नाहीत, हे आत शिरण्यापूर्वी विचारा. बिल तिथेच फुगतं.

मांस संपल्यावर तव्यावरच किमची, भात आणि समुद्री शेवाळ परतून बोक्कुम्बाप करून देतात. एकच प्लेट दोघांत पुरते. उन्हाळ्यात त्याऐवजी मांसानंतरचं छोटं नेंगम्योन (थंड शेवया) घ्यावं. अख्खं घेतलं तर संपत नाही. सोजूची (कोरियन दारू) 360 मिलिलिटरची बाटली साधारण 5,000 वॉनला. दोन बाटल्या झाल्या की स्वस्त जेवण स्वस्त राहत नाही, एवढं लक्षात ठेवा.

गोमांस न खाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी डुकराच्या मांसाची स्वतंत्र दुकानं आहेत, ही सोय. तरी द्वेन्जांग जिगेत (आंबवलेल्या सोयाबीनचं कालवण) गोमांसाचे पातळ काप असू शकतात आणि नेंगम्योनचं पाणी बहुधा गोमांसाच्या रश्शाचं असतं. ऑर्डर देतानाच ‘सोगोगी’ (गोमांस) आहे का ते विचारा. शाकाहारी मित्राला मात्र इथे नेऊ नका. किमचीत माशाचं खारवण असतं, रश्शात सुकी मासळी, आणि त्याच्या वाट्याला फक्त पानं, लसूण आणि वरून तुमचा धूर.

धूर ओढणारी वरची नळी खाली खेचायची असते, हे कुणी सांगत नाही. तव्यापासून वीतभर उंचीवर आणा. कोट, पिशव्या ठेवायला गोल स्टुलाचं झाकण उघडतं, आत जागा असते. चमचे आणि चॉपस्टिक बहुधा टेबलाच्या बाजूच्या खणात असतात. लोकरीचं काही घालून जाऊ नका, दाराशी ठेवलेल्या सुगंधी फवाऱ्याने धुराचा वास जात नाही. एकट्याने जायचं तर संध्याकाळी सात ते नऊ सोडून जा आणि शिरतानाच ‘होन्जा’ (एकटा) आहे म्हणून सांगा. रिकाम्या वेळी दोन इन्बुन घ्यायची तयारी असलेल्याला सहसा बसवतात, गर्दीत बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात.