जुन्या ट्रकची नवी डिझेल टाकी: गंजरोधक काम केल्यानंतर काही महिन्यांचा अनुभव

नवी टाकी बसवल्यावर एक अख्खा पावसाळा गेला आणि पुढचे कोरडे महिनेही. परवा टाकी चासीला धरून ठेवणारे पट्टे सोडून ती खाली उतरवली, चारी बाजूंनी तपासली, म्हणून आता लिहितोय. टाकी उत्तम आहे. त्याचं श्रेय मी वरच्या रंगापेक्षा घासकामाला आणि पट्ट्यांखालच्या रबराला जास्त देईन.

जुनी टाकी वरवर पाहता धडधाकट दिसायची. पट्टे काढले तेव्हा खरा प्रकार कळला. पट्ट्याखाली पत्र्याचे पापुद्रे सुटत होते, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर टोक आत जात होतं. मधे नमद्यासारखं पॅकिंग होतं, त्याने पाणी आणि चिखल धरून ठेवला होता. ट्रक दिवसभर उन्हात उभा राहिला तरी तेवढा भाग ओलाच राहायचा.

नवी टाकी साध्या पत्र्याची, काळ्या रंगात आली. असा रंग बहुतेक वेळा टाकी गोदामात गंजू नये इतपतच असतो. थिनरच्या बोळ्याने पुसला तर निघून आला. त्याच्यावर दुसरा कितीही चांगला रंग मारला तरी पाया कच्चाच. म्हणून सगळी तोंडं घट्ट बंद केली आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा उघडा पडेपर्यंत घासली. सगळ्यात जास्त वेळ शिवणीवर गेला. तिथे पत्र्यावर पत्रा असतो आणि बारीक फटीत पाणी ओढलं जातं. वेल्डिंगचे छरे आणि जळका थर वायर ब्रशने काढावाच लागतो, नाहीतर प्रायमर तिथे धरत नाही.

थिनरने पुसून लगेच दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले, शिवणीत ब्रशने दाबून. मग शिवणीवर सीलर आणि सगळीकडे पॉलियुरेथेन रंग. इपॉक्सी उन्हात भुकटी होत जातो, त्यामुळे वरचा रंग हवाच. फ्लोटची (टाकीतली डिझेलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाची) बैठक आणि अर्थिंगच्या बोल्टाची जागा मात्र टेप लावून कोरी ठेवा. तिथे रंग गेला की अर्थिंग नीट मिळत नाही आणि डिझेलचा काटा भलतंच दाखवतो.

जाड डांबरी अंडरकोटिंग करून टाक, असं बरेच जण सांगत होते. मी ठाम नकार दिला. खडी लागून त्याला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि वरून काहीच दिसत नाही. पातळ, घट्ट बसलेला रंग निदान खरं काय ते दाखवतो.

पट्ट्यांखाली पाणी न शोषणारं भरीव रबर घातलं, पट्ट्यापेक्षा थोडं रुंद. हे रबर सुरुवातीला दबतं, पट्टे ढिले पडतात. थोडं चालवून झालं की नट पुन्हा आवळा. ढिली टाकी पट्ट्यावर घासत राहिली तर कुठलाही रंग टिकणार नाही.

उतरवल्यावर दिसलं ते असं: रबराखाली रंगावर नुसता दाबाचा ठसा, गंज नाही. शिवण स्वच्छ. पुढच्या चाकाच्या बाजूला मात्र खडीने मारा केलाय. बहुतेक टवके प्रायमरपर्यंतच गेलेत, दोनेक जागी पत्र्यावर मसुरीएवढे तांबूस डाग आहेत. कडेला ब्लेड घालून पाहिलं, गंज रंगाखाली पसरलेला नाही. हे इपॉक्सीचं यश. घासून तेवढाच भाग रंगवला. पट्ट्यांचे बोल्ट मात्र गंजलेत, ते बदलले.

आतून काही लावलं नाही. आतलं कोटिंग सुटलं तर थेट फिल्टरमध्ये येतं. जस्ताचा मुलामा दिलेली टाकीही डिझेलला नको. जस्त डिझेलमधल्या आम्लांशी संयोग पावतं आणि त्याचा चिकट साबण फिल्टर तुंबवतो. आतला शत्रू म्हणजे तळाला साचणारं पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की हवेतला दमटपणा आत पाणी होऊन उतरतो. म्हणून ट्रक उभा करायचा तो टाकी भरून, आणि तळाचा ड्रेन प्लग अधूनमधून थोडा सोडून पाणी काढून टाकायचं. जुन्या ट्रकवर हे काम रंगाइतकंच महत्त्वाचं मानतो.

वेळ भरपूर जातो, प्रत्येक हात वाळेपर्यंत ट्रक अडकून पडतो. रोजच्या फेऱ्यांवरची गाडी असेल तर टाकी आधी रंगवून तयार ठेवा, मगच जुनी उतरवा. पुढच्या पावसाआधी मी शिवणीवर मेणाचा स्प्रे मारणार आहे आणि टाकीच्या पुढे रबरी पडदा लावणार आहे.