ओबीजे फाइल, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण माप कशात?

ओबीजे म्हणजे थ्रीडी आकार साध्या टेक्स्टमध्ये लिहून ठेवणारी फाइल. तिचा हा अनुभव मी दुसऱ्याच महिन्यात लिहायला बसलो होतो. तेव्हा पूर्ण केला असता तर पाचपैकी एक स्टार दिला असता आणि तोही दयेपोटी. आळस केला ते बरं झालं, कारण त्यातला अर्धा राग चुकीच्या माणसावर होता. उरलेला अर्धा अजून तसाच आहे.

माझं काम पेठांमधल्या जुन्या वाड्यांची मोजणी. पाडायच्या आधी किंवा दुरुस्तीच्या आधी वाडा जसा आहे तसा कॉम्प्युटरवर उभा करून द्यायचा. ओबीजेच्या ओळीत व्ही म्हणजे बिंदूची जागा, व्हीटी म्हणजे टेक्स्चर (वर चिकटवायचं चित्र), व्हीएन म्हणजे नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे ते) आणि एफ म्हणजे बिंदू जोडून झालेला पृष्ठभाग; याहून जास्त सांगत बसत नाही. ज्यांना आणखी हवं त्यांनी कुठलीही ओबीजे नोटपॅडमध्ये उघडावी, चहा संपेपर्यंत कळेल.

ठिणगी पडली ती कसब्यातल्या एका दुचौकी वाड्यावरून. सर्व्हेअरनं टोटल स्टेशन (कोन-अंतर मोजायचं यंत्र) लावून पॉइंट दिले, यूटीएम झोन ४३ मध्ये, म्हणजे पृथ्वीवरच्या खऱ्या जागेसकट; आकडे मीटरमध्ये, उत्तरेचा विषुववृत्तापासून मोजलेला. माझा भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून त्या यादीची ओबीजे करून दिली. ती मी मोठ्या कौतुकानं आमच्या विकतच्या व्ह्यूअरमध्ये उघडली आणि बघतो तर चौकातले खांब दातरलेले. ओसरीचे सगळे खांब प्रत्यक्षात १८ सेंटिमीटरचे, मी स्वतः टेप लावलेला. पडद्यावर उत्तर-दक्षिण माप घेतलं तर काही खांब १२.५ सेंटिमीटर, काही सरळ २५. मधलं काहीच नाही. कॅमेरा फिरवला की अख्खी ओसरी अंगात आल्यासारखी थरथरायची.

व्ह्यूअरवाल्यांना फोन केला. नाव लिहीत नाही, त्यांचं दुकान त्यांना लखलाभ. पहिल्या मुलानं ‘कॅशे क्लिअर करा’ सांगितलं. दुसऱ्यानं स्क्रीन शेअर घेऊन तीन मिनिटं नुसतं ‘हं, हं’ केलं आणि मग निकाल दिला: ‘सर, तुमची फाइल करप्ट आहे. टेक्स्ट फॉरमॅटमध्ये दशांश उडतात. आमच्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, त्याला प्रीमियम सपोर्ट लागेल.’ प्रीमियम सपोर्ट म्हणजे वर्षाला १८,००० रुपये, वर जीएसटी. लायसन्सचे वेगळे.

आणि मी भोळा, मला ते पटलंसुद्धा. टेक्स्ट फाइल, फुकटची, १९८० च्या दशकातली, वेव्हफ्रंट टेक्नॉलॉजीजच्या जमान्यातली; उडत असतील दशांश. एक स्टारचा मसुदा लिहिला तो त्याच रात्री.

पैसे भरायचे जिवावर आले म्हणून सकाळी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिली ओळ जशीच्या तशी देतो:

व्ही ३७९२४१.१८३ २०४७८१७.४५६ ५५२.४१०

पूर्व, उत्तर, उंची. तिन्ही आकडे मिलिमीटरपर्यंत शाबूत. एकही दशांश उडालेला नव्हता. ओबीजेची ही एक गोष्ट मला आता सर्वांत मोलाची वाटते: भांडण झालं की फाइल साक्षीला उभी करता येते. त्यांच्या फॉरमॅटमध्ये असती तर मी काय उघडून बघणार होतो, डबड्याचं झाकण?

मग भाच्याला बोलावलं. त्यानं खांब बघितले, जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मामा, उंची बरोबर येतेय का?’ उंची अगदी बरोबर होती. पूर्व-पश्चिम थोडं बिघडलेलं, कुठे १८.७५ तर कुठे १५.६. उत्तर-दक्षिण पार वाट लागलेली. त्यावरूनच त्यानं ओळखलं. व्ह्यूअर आकडा वाचतो तो ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (कॉम्प्युटरची दशांशी आकडे ठेवायची पद्धत) कोंबतो. त्यात जेमतेम सात अंक मावतात. आकडा जितका मोठा तितकी दोन शेजारच्या किमतींमधली फट मोठी. साडेपाचशेच्या आसपास ती फट मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, पावणेचार लाखांपाशी ३ सेंटिमीटरच्या वर आणि वीस लाखांपाशी मीटरचा आठवा हिस्सा, म्हणजे बरोबर १२.५ सेंटिमीटर. पुणं विषुववृत्तापासून दोन हजारांहून जास्त किलोमीटर उत्तरेला आहे, त्याची शिक्षा माझ्या खांबांना झाली. विषुववृत्ताच्या जरा उत्तरेला कुठे वाडे असतील तर त्यांना उत्तर-दक्षिणेचा हा त्रास नाही.

उपाय फुकट निघाला. तुळशीवृंदावनाच्या पायाचा एक कोपरा शून्य धरायचा आणि प्रत्येक व्हीमधून त्याचे आकडे वजा करायचे, फ्लोटमध्ये जायच्या आधी. खरी जागा वेगळ्या कागदावर लिहून ठेवायची. खांब जागच्या जागी १८ सेंटिमीटरचे झाले. लायसन्स संपलं ते मी संपू दिलं.

इथून पुढे आमचा स्वतःचा लोडर, म्हणजे फाइल वाचून आकार उभा करणारा प्रोग्रॅम. भाचा म्हणत होता की तयार लोडर पुष्कळ आहेत, टायनी-ओबीजे-लोडर तर एका हेडर फाइलमध्ये मावतो, थ्री-जेएसचा आहे तो ब्राउझरमध्ये चालतो. सगळं मान्य, पण ती वजाबाकी कुठे होते ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. दुधानं तोंड भाजलेलं. दोन रविवारांत पहिला लोडर झाला, शंभरेक ओळींचा. ओळ वाचा, मोकळ्या जागेवर तोडा, पहिला शब्द बघा, तो सांगेल तसं करा. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

सोपं नव्हतंच. मोजणी एकपासून सुरू होते, शून्यापासून नाही, ते पहिल्याच दिवशी कळलं. उणे आकडे आले की शेवटून मोजायचं, हे दुसऱ्या दिवशी. एफच्या ओळीत जागा, टेक्स्चर आणि नॉर्मल यांचे तीन वेगळे नंबर असतात आणि ग्राफिक्स कार्डाला एकच चालतो. म्हणून प्रत्येक वेगळ्या तिकडीचा नवा बिंदू करावा लागतो. साध्या ठोकळ्याचे आठ कोपरे असे चोवीस होतात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडताना वर कुठला अक्ष ते बघितलं नाही तर वाडा उताणा पडतो. मटेरियलच्या (रंग-पोताच्या) फाइलमध्ये चित्रासाठी कुणाच्या तरी डी ड्राइव्हचा पत्ता असतो, मग सागवान पांढरं दिसतं. ही सगळी किरकिर एकदाच होते, नंतर विसरायला होतं.

महिरपीचं मात्र सांगितलंच पाहिजे. दिवाणखान्यात पाच महिरपी आहेत, नागमोडी कडांच्या. ओबीजेच्या एका एफमध्ये कितीही कोपरे चालतात, म्हणून महिरपीवरची अख्खी भिंत आम्ही एकाच एफमध्ये लिहिली होती, चाळीसेक कोपऱ्यांची. भाच्यानं त्याचे त्रिकोण पाडले पहिल्या कोपऱ्यापासून पंख्यासारखे. चौकोनाला ते चालतं. आत वळलेल्या आकाराला चालत नाही, त्रिकोण उघड्या जागेवरून आरपार जातात. पडद्यावर पाचही महिरपी बुजलेल्या, भाडेकरूनं विटा लावून खोली केल्यासारख्या. मालकांच्या आजी शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, ‘हे कधी केलंत? विचारायची पद्धत आहे का नाही?’ त्यांना कसं सांगणार की हा त्रिकोणांचा घोळ आहे. नंतर कान कापत जायची पद्धत घातली, म्हणजे बाहेर आलेला एकेक कोपरा तपासून छाटायचा. महिरपी मोकळ्या झाल्या. आजींचा विश्वास अजून बसलेला नाही.

वेगाची तक्रार करणाऱ्यांसाठी: दोन्ही चौक, कडीपाट, कोरीव हस्त धरून आमची फाइल ११० एमबी. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पायथनला पाऊण मिनिट लागतं. हाच ऐवज बायनरीत (टेक्स्टऐवजी थेट मशीनच्या आकड्यांत) निम्म्याहून कमी जागेत बसला असता. आम्ही एकदा वाचून झालं की बायनरी प्रत बाजूला ठेवतो, दुसऱ्यांदा दोन सेकंदांत उघडतं. मूळ टेक्स्ट मात्र हलवत नाही. एकदा चुलतभावांमध्ये सामाईक भिंतीवरून जुंपली, ‘मागच्या नकाशात भिंत इकडे होती’ म्हणून. दोन तारखांच्या फाइली शेजारी शेजारी ठेवून फरक काढला. बदललेल्या ओळी अकरा आणि सगळ्या जिन्याच्या. भिंतीची एकही नाही. वकिलाची फी वाचली. त्यातला एक रुपया मला मिळाला नाही तो भाग वेगळा.

तर इथपर्यंत चार स्टार. आता पाचवा का नाही ते ऐका.

या फाइलमध्ये माप कशात आहे ते लिहायची सोयच नाही. व्ही ० २.७ ०. २.७ काय? मीटर? फूट? वीत? हजारो ओळी लिहाल, सावलीचे गट लिहाल, चकाकी किती ते लिहाल आणि एक शब्द ‘मीटर’ लिहायला जागा नाही! वाडा बांधणारा सुतारसुद्धा चोवीस तसूंचा गज धरून बसायचा, खण कितीचा ते आधी ठरवायचा. काही सॉफ्टवेअर वरती हॅशच्या ओळीत युनिट लिहितात, पण हॅशची ओळ म्हणजे टीप, लोडर ती वाचतच नाही. मी आमच्या लोडरला वाचायला शिकवलं. जगातल्या बाकीच्या लोडरांना कोण शिकवणार?

भाचा म्हणतो मी यावर उगाच अडून बसतो. जीएलटीएफ फॉरमॅट घ्या, त्यात मीटर ठरलेलाच आहे. थ्रीएमएफ फॉरमॅटमध्ये युनिट लिहिता येतं. त्याचं बरोबर आहे. पण भोसरीहून फोन त्याला आला नव्हता.

ओसरीच्या खांबाचा लहान नमुना हवा होता, मालकांना दाखवायला. भोसरीत एक थ्रीडी प्रिंटिंगवाला आहे, स्वस्त करतो. त्याला एसटीएल (प्रिंटिंगवाल्यांची थ्रीडी फाइल) पाठवली. तीही अशीच बिनमापाची. खांब २.७ मीटर उंच, म्हणून फाइलमध्ये २.७. वीसपट लहान करा म्हटलं. तासाभरानं फोन.

‘सर, फाइल रिकामी आलीये.’

‘रिकामी कशी? झूम करा.’

‘केलं सर.’ बराच वेळ शांतता. ‘काहीतरी आहे. मोहरीसारखं.’

त्याच्या मशीनला सगळं मिलिमीटरमध्येच कळतं. तीन मीटरच्या आतला खांब झाला २.७ मिलिमीटर, त्याचा विसावा भाग तर फुंकरीनं उडेल. हजारनं गुणून पुन्हा पाठवली, साडेतेरा सेंटिमीटरचा सुबक खांब आला. पण पहिल्या फाइलचं सेटिंग केलं म्हणून दीडशे रुपये लावले त्यानं. मोहरीचे दीडशे रुपये! मी दिले, पण बिलावर ‘मोहरी’ लिहून घेतलं.

दिवाळीनंतरची भर: पाव स्टार वाढवतो, म्हणजे सव्वाचार. नवीन कामावर सर्व्हेअरचे आकडे, भाच्याचा लोडर, ब्लेंडर आणि माझा नोटपॅड, सगळं बिनबोभाट चाललं, कुणाला फोन करावा लागला नाही. एकूण खर्च शून्य, मोहरी सोडून. आता मी फाइलच्या नावातच माप लिहितो आणि ज्यांच्याबरोबर काम करतो त्यांनाही तशी सवय लावलीये.

परवा एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून त्याच खांबाची सुधारलेली फाइल आली, नाव ‘खांब_मिमी_फायनल_२’. मनात म्हटलं, चला, शिकले लोक. तरी सवयीनं नोटपॅडमध्ये उघडून खांबाच्या माथ्याची उंची बघितली.

१०६.३.

इंच.