फ्लुरालेनरची गोळी, चिऱ्यांचे कुंपण आणि गोचिडी: मे ते नोव्हेंबरचा अनुभव

सिंधुदुर्गातील आमच्या घराला चिऱ्यांचे कुंपण आहे. कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड गवतापेक्षा भिंतीच्या फटींत अधिक राहते. रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, भिंतीवर चढते आणि एखाद्या फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्रा आणि कुंपण या दोन्हींचा बंदोबस्त एकाच वेळी करायचा, असे पशुवैद्यांशी बोलून ठरवले. आमचा गावठी कुत्रा 10 ते 20 किलोंच्या वजनगटातला. त्याला गोचिडी आणि पिसवा मारणाऱ्या फ्लुरालेनर या औषधाची 500 मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत दिली. तिचा परिणाम साधारण 12 आठवडे टिकतो.

पिसवा लवकर आटोक्यात आल्या. पडवीच्या कोपऱ्यातील मातीत त्यांचे कोश टिकून असतात, त्यामुळे अधूनमधून नवी पिसू दिसे. पण ती कुत्र्याला चावल्यावर काही तासांत मरत असल्याने पुढची पैदास थांबली.

गोचिडींना मात्र वेळ लागला. हे औषध रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड आधी चावावी लागते; ते तिला दूर ठेवत नाही. सुरुवातीला कानाच्या पाळीत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी दिसतच होत्या, फक्त दुसऱ्या दिवशी त्या वाळून नखाने सहज निघत. त्यामुळे गोचीड तापाचा धोका पूर्ण टळतो असे समजू नये. आम्ही आजही रोज संध्याकाळी त्याचे अंग तपासतो.

खरा फरक पावसापूर्वी गवंड्याकडून कुंपणाच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधील सांधे, भरून घेतल्यावर पडला. त्याआधी रात्री बॅटरी मारली की सांध्यांतून गोचिडीची पिल्ले रांगेने वर चढताना स्पष्ट दिसत. दरजा भरण्यापूर्वी फटींत डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक फवारले आणि अंडी त्याने मरत नाहीत म्हणून उरलेल्या भेगांत दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारले. हे औषध मासे आणि मधमाश्या यांना घातक आहे, म्हणून विहिरीचा परिसर आणि फुललेली झाडे कटाक्षाने वगळली. मांजरालाही भिंत वाळेपर्यंत घरात ठेवले. ऑक्टोबरच्या उन्हात एरवी गोचिडींचा सुळसुळाट होतो, यंदा क्वचितच एखादी सापडली.

आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये आढळलेला माकडताप पसरवणारी रानातील गोचीड निराळी असते. अंगणातील या उपायांवर विसंबून रानात उघड्या पायांनी जाऊ नये.

गोळी महाग आहे, ही माझी मुख्य तक्रार. तसेच ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील, त्याच्यासाठी ती पशुवैद्यांना स्पष्ट विचारल्याशिवाय आणू नये, कारण या गटातील औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. आमच्या कुत्र्याला तसा कोणताही त्रास झाला नाही. पुढच्या गोळीपूर्वी त्याचे वजन पुन्हा करून घेणार आहोत, कारण तो आता 20 किलोंच्या जवळ आला आहे आणि गोळीची मात्रा वजनगटावरच ठरते.