टिपेश्वर सफारी: गाइड चांगला भेटला पाहिजे

ताडोबाचं बुकिंग भेटलं नाही म्हणून पुण्याच्या साडभाऊले घेऊन टिपेश्वर अभयारण्यात गेलो, सुन्ना गेट, सकाळची सफारी. नागपूर-हैदराबाद हायवेवर पांढरकवड्याजवळच आहे, शोधायची काही कटकट नाही.

वाघ दिसला का, हेच सगळे पहिले विचारतात, तं नाही दिसला. पण गाइड असा भारी भेटला ना बावा, बाजूच्याच गावातला पोट्टा, जिप्सी थांबवून त्यानं धुळीतला पंजा दाखवला, नराचा चौकोनी अन मादीचा जरा लांबट कसा असते ते सांगितलं, अन मंग त्या पंजाच्या मधातून एका किड्याची बारीक रेघ गेलती ती दाखवून म्हणे, काका, पंजा पडल्यावर किडा चालला वरून, म्हणजे ही वाघीण रातचीच निघून गेली, ताजा नाही हा. साडभाऊचं आपलं एकच, वाघ कुठाय वाघ कुठाय.

आता जागेचं सांगतो. टिपेश्वर जेमतेम १४८ चौ. किमी, ताडोबा कोअर (आतलं जंगल) अन बफर (भोवतालचा पट्टा) मिळून १७०० च्या वर जाते. नर वाघ मोठा झाला का आईपासून वेगळा होते, त्याले सोताचा इलाका लागते, इथं जागा कुठून आणणार, मंग तो निघते आमच्या पऱ्हाटीतून (कपाशीतून), तुरीतून. २०१९ मधी इथूनच निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ तेलंगणातून फिरत फिरत १३०० किमी चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता! पेपरवाल्यायनं लय कौतुक केलं, करायलाच पाहिजे, पण ओलिताची लाइन (वीज) रातची असते अन ज्या शेतकऱ्याले मोटर चालू करायले एकट्यालेच जा लागते, त्याले विचारा. अभयारण्य वाचवायचं म्हणजे दोन जंगलांच्या मधातला पट्टाही वाचवा लागते, अन त्या पट्ट्यात आम्ही राहतो, आमच्याकडं दिवसा लाइन दिली तरी लय झालं.

एक स्टार कापला तो दुसऱ्या एका जिप्सीपायी. चितळाचा कॉल (वाघ जवळ असल्याचा इशारा) आला का त्यानं गाडी अशी पळवली का आमच्या तोंडात निस्ती धूळ, अन बसलेले लोकं वरून ओरडून राहिले. आमच्या ड्रायव्हरनं गाडी बंद करून शांत उभी केली, तेव्हा नीलगाय अन मोर आरामात पाहता आले.

बुकिंग ऑनलाइन करा, ओरिजिनल ओळखपत्र ठेवा. उन्हाळ्यात पाणवठ्यावर चान्स जास्त असते पण लहान पोरं असतील तं दुपारची सफारी नका घेऊ, दुपट्टा बांधा अन पाणी घरूनच न्या.